वाचकांचे प्रश्न : सहावी पायरी

प्रश्न : वसईतील आमच्या वाडीतल्या लघु ख्रिस्ती समूहाची, म्हणजे प्रार्थनेसाठी एकत्र येणाऱ्या शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या गटाची, मी गेली दोन वर्षे समन्वयक आहे. समूहात ४२ घरे आहेत, पण महिन्याच्या सभेला दहा-बारा माणसे येतात आणि त्यांत बहुतेक साठीपुढच्या बायका असतात. रोजरी होते, शुभवर्तमान वाचले जाते, चर्चमधल्या सूचना वाचून दाखवल्या जातात, चहा होतो आणि सगळे घरी जातात. सणाची वर्गणी मात्र ४२ घरांतून न चुकता जमते. तरुण फिरकत नाहीत, नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबे अजून परकीच आहेत. नवे काही सुचवले, तर ‘आधी फादरांना विचारा’ असे ऐकावे लागते. समूह वाढावा आणि आपल्या हातून एखादे सामाईक कार्य उभे राहावे, यासाठी मी काय करू?
— एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : सभेचा क्रम तुम्ही इतका नेमका लिहिला आहे, की त्यात काय गळले आहे ते लगेच दिसते. आपल्या समूहांत शुभवर्तमान वाचण्याची सात पायऱ्यांची पद्धत रुजली, ती दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेत तयार झाली. प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारणे, मौन, आपल्याला काय उमगले ते एकमेकांना सांगणे, या झाल्या पाच पायऱ्या. सातवी उत्स्फूर्त प्रार्थनेची. मधल्या सहाव्या पायरीवर समूहाने स्वतःला विचारायचे असते, की गेल्या सभेत ठरलेले काम झाले का, आणि आता कोणते काम, कोणी, केव्हा करायचे. अनेक ठिकाणी नेमकी हीच पायरी ओलांडून माणसे चहाकडे वळतात. मग सभेला न आल्याने कोणाचे काहीही अडत नाही, आणि जिथे आपल्यावाचून अडत नाही तिथे माणूस, विशेषतः विरार लोकलमधून दमून उतरलेला माणूस, फार काळ जात नाही.

तुमची वर्गणी ४२ घरांतून जमते, याचा मी जरा वेगळा अर्थ लावते. कोणीतरी दारात जातो, नाव घेऊन मागतो आणि वहीत नोंद करतो, म्हणून ती जमते. पैशाखेरीज दुसरे काही मागायला त्या दारांत कोणी कधी गेले आहे का? वाडीत मयत झाली की हीच माणसे कोणी न बोलावता खुर्च्या मांडतात, पाहुण्यांची सोय बघतात, रात्रभर त्या घरी बसतात. आपल्या लोकांत आस्था नाही, असे म्हणायला मी तरी धजावणार नाही.

आमच्या समूहातला अनुभव सांगते. एका विधुर गृहस्थांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे आणि मुलगा आखातात होता. एका सभेत एका भगिनीने शंभर पानी वही उघडली, ‘मंगळवार’ आणि ‘शुक्रवार’ असे दोन रकाने आखले आणि वही शेजारणीच्या हातात दिली. वही फिरून परत आली तेव्हा सात नावे होती. पुढच्या सभेला त्यांपैकी दोघांचे नवरे आले, कारण रिक्षा त्यांची होती आणि वेळ त्यांना ठरवायची होती. एरवी सभेकडे न फिरकणारा एक कॉलेजातला मुलगा रुग्णालयाच्या फायलींचा जाणकार झाला. तरुणांना आपण स्टेज सजवायला आणि खुर्च्या उचलायला बोलावतो; त्यांच्या बुद्धीला पेलेल असे काम द्या.

सामाईक कार्य उभे राहते ते असे. फ्रेडरिक ओझानाम हा २० वर्षांचा विद्यार्थी १८३३ साली पॅरिसमध्ये चर्चच्या बाजूने वाद घालत होता, तेव्हा विरोधी मताच्या विद्यार्थ्यांनी त्याला विचारले, की तुमचे चर्च आज गरिबांसाठी काय करते ते दाखवा. तो आणि त्याचे सोबती यांनी सिस्टर रोझाली रांद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आज आपल्या अनेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) जिची शाखा आहे, ती विन्सेंट द पॉल संस्था त्या मोजक्या प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, तरुणांच्या घरभेटींतून जन्मली.

नव्या इमारतींचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे मंगळुरी, गोवेकर, केरळी कुटुंबे असतील, कदाचित झारखंडहून कामासाठी आलेले आदिवासी ख्रिस्ती असतील. आपली सभा कादोडीत, या आपल्या वसईकडच्या बोलीत, रंगते, आणि ती रंगावी, कारण ती आपली मायबोली आहे. पण कोपऱ्यात बसलेल्या नव्या बाईला त्यातले अक्षर कळत नसेल, तर तिचे पहिले येणे हेच शेवटचे ठरेल. शुभवर्तमान तिच्या भाषेत तिलाच वाचू द्या आणि एखादी सभा तिच्या फ्लॅटमध्ये घ्या. जागा लहान आहे म्हणून ती संकोचेल. तुम्ही जमिनीवर सतरंजी घालून बसा. समूह वाढला का, हे मी तरी हजेरीवरून ठरवणार नाही. किती घरांनी एकमेकांची जबाबदारी घेतली, ते बघेन.

आता फादरांच्या परवानगीविषयी. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि त्यात स्पष्ट सांगितले, की हे कार्य बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांमुळे खुद्द प्रभूच आपल्यावर सोपवतो. १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे चर्चच्या कायद्यातील, कलम २१५ सेवाकार्यासाठी आणि भक्तीसाठी संघटित होण्याचे स्वातंत्र्य देते, तर कलम २१२ आपले मत धर्मगुरूंपुढे आदराने मांडण्याचा हक्क देते, आणि प्रसंगी ते कर्तव्यच ठरवते. एखाद्या कार्याला ‘कॅथलिक’ हे नाव द्यायचे असेल, तर मात्र कलम २१६ नुसार चर्चच्या अधिकाऱ्यांची संमती लागते. शेजारच्या आजारी माणसाला डबा पोहोचवायला संमतीची वाट बघू नका. काम सुरू करून फादरांना कळवा आणि एखाद्या घरभेटीला त्यांना सोबत न्या. निधी गोळा करायचा झाला, तर मात्र आधी त्यांच्याशी बोला आणि हिशेब सर्वांपुढे ठेवा, कारण पैशावरून आलेला संशय चांगल्या समूहालाही लवकर पोखरतो.

पुढच्या सभेत सूचना शेवटी ठेवा आणि चहापूर्वी वही उघडा. काम एकच घ्या, इतके लहान की महिन्यात पुरे व्हावे, आणि कामापुढे नाव लिहिल्याशिवाय वही मिटू नका. त्यानंतरच्या सभेची सुरुवात त्या पानापासून करा. काम झाले नसेल, तर नाव लिहिणाऱ्याला न दुखावता कारण विचारा आणि सोबतीला दुसरे नाव जोडा. उरलेल्या तीसेक घरांत तुम्ही स्वतः एका बहिणीला घेऊन, वर्गणीची पावती न नेता, रिकाम्या हाताने जा. आगमनकाळापूर्वी, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ सुरू होण्याआधी, आठवड्याला दोन-तीन घरे झाली तरी पुष्कळ आहेत.