नर्स प्रॅक्टिशनर व्हायला निघालेल्या मुलीला

तू विचारलंस, "ताई, बीएस्सी नर्सिंग झालंय, चार वर्षं आयसीयूत आहे. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स होऊन घरूनच व्हिडिओ कॉलवर टेलिहेल्थ केलं तर मुलाकडे बघता येईल ना?" दोन दिवस लिहू की नको करत होते.

एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा), व्हिसा सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे कॉलेजच्या विषय-गुणांच्या अधिकृत नोंदीचं मात्र ऐक. ती कॉलेजनेच थेट पाठवावी लागतात. माझा भाऊ त्यासाठी पाच वेळा खेटे घालून आला. कधी साहेब रजेवर, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली घरी. निघायच्या आधी स्वतः उभी राहून करून घे.

इथे आधी आरएन (रजिस्टर्ड नर्स), मग मास्टर्स, मग सर्टिफिकेशनची परीक्षा. एवढं करूनही आमच्या टेक्सासमध्ये औषध लिहायचं तर डॉक्टरशी लेखी करार लागतो; ॲरिझोनात लागत नाही. टेलिहेल्थला पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स हवं. माझे एक पेशंट आजोबा महिनाभर लेकीकडे ओक्लाहोमाला गेले. तिथलं लायसन्स माझ्याकडे नव्हतं, कॉल बंद.

आणि सगळं घरून होत नाही गं. हेच आजोबा, हार्ट फेल्युअरचे, स्क्रीनवर हसून "फाइन" म्हणायचे. मी त्यांच्या घरी गेले, मोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खड्डा तसाच, म्हणजे पायात पाणी साचलेलं. ओट्यावर सूपचे डबे रचलेले, नुसतं मीठ! तो ओटा मला कॉलवर कधी दिसलाच नव्हता.

एकटं वाटतं का? वाटतं. ड्युटी सुरू झाली की विसरायला होतं.

मुलाचं सांगते. माझी मुलगी सांगलीत इंग्लिश मीडियमला होती. इथे शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात. मी अभिमानाने मराठी लिहिलं. मग तिची इंग्रजीची चाचणी घेतली. लाजरी पोर, तोंडच उघडलं नाही. वर्षभर इंग्रजी न येणाऱ्या मुलांत बसली. "आई, तू असं का लिहिलंस?" म्हणाली, आणि तेव्हापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलते. धाकट्याच्या फॉर्मवर मी इंग्लिश लिहिलं. घरात मराठी बोलत असताना. हे आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

तू मराठीच लिही. त्या वर्गाला पालकांना लेखी नकार देता येतो. मला हे कळलं तेव्हा तिचं वर्ष संपलं होतं.