बंदूक घेण्याआधी दुरुस्तीची खोली बघ

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. दोन विक्रेते, रायफल तीच .२२ ची (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात), मॉडेलही तेच, आणि भावात मात्र चांगलाच फरक. स्वस्त देणाऱ्याने पाच मिनिटांत आकडा लिहून हातात दिला. महाग देणाऱ्याने तुला अर्धा तास बसवून घेतलं, नाही नाही ते प्रश्न विचारले आणि वर भावही उतरवला नाही. ‘त्या जादा पैशांत मला नेमकं काय मिळणार?’ असं तू विचारतेस. प्रश्न रास्त आहे. पैसे तू स्वतः साठवले आहेस हेही मला ठाऊक आहे, म्हणून घाईने उत्तर देत नाही.

तुझ्या वयाचा असताना मीही असाच भाव बघून रायफल घेतली होती. रायफल उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. सात-आठ महिन्यांनी झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतच, अडकून राहू लागलं. कवच ओढून काढणारा जो आकडा असतो ना, एक्स्ट्रॅक्टर, त्याचं टोक झिजलं होतं. भाग नखाएवढा. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, आम्ही फक्त विकतो, कंपनीला लिहा. कंपनीने सांगितलं, ज्याच्याकडून घेतली त्याच्यामार्फत या. रायफल काही घड्याळ नव्हे, की पाकिटात घालून पोस्टात टाकावी. ती एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची तर कागद लागतात, वाहून नेणारा परवानगी असलेला माणूस लागतो. चार महिने गेले. त्यातच निवड चाचणी निघून गेली. रेंजवरचा एक जण म्हणाला, आण इकडे, कानशीने घासून देतो. मी देणारही होतो. माझ्या प्रशिक्षकांनी ते बघितलं आणि रायफल माझ्या हातातून काढून घेतली. त्या दिवशी ते मला जे बोलले त्यातलं बरंचसं आज तुला सांगतो आहे.

बंदुकीची खरेदी बाकीच्या खरेदीसारखी नाही, कारण घेतलेली बंदूक सहसा परत करता येत नाही. तिचा क्रमांक एकदा तुझ्या नावावर चढला की ‘आवडली नाही, बदलून द्या’ हे जवळजवळ संपलंच. ती कुणाकडूनही दुरुस्त करून घेता येत नाही, आणि घेऊ नये. चुकीची दुरुस्ती झालेला पंखा फार तर बंद पडतो. चुकीने घासलेला चाप (ट्रिगर), बोल्ट म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा जोरात बंद करताच, सुटू शकतो, आणि त्या वेळी नळी कुठे रोखलेली असेल हे कुणी सांगावं? म्हणून विक्रेत्याची सेवा ही बंदुकीच्या जोडीला मिळणारी सोय आहे असं समजू नकोस. बोल्ट, नळी, चाप यांच्यासारखाच तो त्या हत्याराचा एक भाग आहे. फक्त तो दुकानात राहतो.

आता सेवा म्हणजे काय, हे नीट समजून घे, कारण इथे पुष्कळ जण फसतात. हसून बोलणं, चहा विचारणं, पिशवी फुकट देणं म्हणजे सेवा नव्हे. गोड बोलणारा पण बोल्ट खोलता न येणारा विक्रेता मी पाहिला आहे, आणि तुसडा पण तीस वर्षांपूर्वीच्या रायफलीची स्प्रिंग डबीतून काढून देणाराही. मी त्या तुसड्याकडे जातो.

पहिली खूण काउंटरवरच दिसते. रायफल कपाटातून काढल्यावर तो काय करतो ते बघ. बोल्ट उघडून, चेंबर रिकामं असल्याचं आधी स्वतः बघून, मग तुला दाखवून, नळी कुणाकडेही न रोखता तो ती तुझ्या हातात देतो का? आपल्याच दुकानात, आपणच ठेवलेल्या रायफलीबाबत हे करायला जो कंटाळतो, तो तिच्या आतल्या भागांबाबत किती काळजी घेत असेल? ही एकच गोष्ट पाहून मी दोनदा दुकानातून परत फिरलो आहे. दोन्ही वेळा भाव चांगला होता.

दुसरी खूण म्हणजे त्याचे प्रश्न. तुला त्या अर्ध्या तासाचा त्रास झाला असं लिहिलंस. त्याने काय काय विचारलं ते पुन्हा आठवून बघ. कोणत्या प्रकारात नेम धरतेस, रेंजवर कुणाच्या देखरेखीखाली असतेस, घरी कुलूपबंद ठेवायची सोय आहे का, परवाना कुठवर आलाय. शिवाय त्याने तुला दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खुणेकडे बोट करायला सांगितलं आणि मग एकेक डोळा मिटायला लावला. तो तुझा प्रमुख डोळा कोणता ते बघत होता. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या काहींचा प्रमुख डोळा डावा असतो, आणि हे रायफल घेतल्यावर कळलं तर सगळी बैठक नव्याने शिकावी लागते. चापापासून खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटपर्यंतची लांबी, गालाखालच्या पट्टीची उंची, हे त्याने तुझ्या अंगाला लावून पाहिलं. उभ्या स्थितीत मान वाकडी करून गाल टेकवावा लागत असेल, तर रायफल कितीही अचूक असो, चाळिसाव्या गोळीला खांदा बोलायला लागतो. हे सगळं काम त्या जादा पैशांत धरलेलं आहे.

तिसरी खूण तुला उलटी वाटेल. चांगला विक्रेता कधी कधी विकायला नकार देतो. ‘हे तुझ्यासाठी नाही’, ‘आधी क्लबची रायफल सहा महिने वापर’, ‘कागद पुरे झाल्याशिवाय हात लावू देणार नाही’. अशा माणसाचा राग धरू नकोस. याच्या उलट जो म्हणतो, कागदांचं नंतर बघू, भावात अजून थोडं सोडतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. तिथे हिशेब मांडायचा प्रश्नच येत नाही.

आणि आता दुरुस्तीची खोली. भाव विचारण्याआधी विचार, ‘ही बिघडली तर कोण खोलतं? तो माणूस मला भेटेल का?’ ज्याच्याकडे कारागीर आहे तो आनंदाने आत नेतो. तिथे काय बघायचं? हत्यारं जागच्या जागी आहेत का. प्रत्येक रायफलीला चिठ्ठी बांधली आहे का. आणि मोजमापाची साधनं आहेत का. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांच्यात जेवढी फट असते, तिला हेडस्पेस म्हणतात. ती मोजायला गेज लागतो, डोळ्यांनी अंदाज करून चालत नाही. फट जास्त झाली तर कडेला आधार राहत नाही आणि कवच फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. चापाचा भार, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, मोजायचं वजन आहे का तेही बघ. पिस्तुलाच्या स्पर्धांत तर हे आकडे पाळावेच लागतात. १० मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचा भार किमान ५०० ग्रॅम हवा, २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम. तपासणीच्या टेबलावर चापाला अडकवलेलं वजन, चाप न सुटता, उचललं गेलं नाही, तर दुकानदाराला फोन करून काही उपयोग नसतो.

सुट्या भागांबद्दल नुसतं ‘मिळतात’ या उत्तरावर समाधान मानू नकोस. फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी), एक्स्ट्रॅक्टर, मुख्य स्प्रिंग हे तीन भाग आत्ता कपाटात आहेत का, असं विचार. .२२ च्या काही रायफलींत रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिलं तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि दोन्हींची वाट लागते. तुझ्या मॉडेलला ते चालतं की नाही, हे न विचारता सांगणारा विक्रेता मिळाला तर तो धरून ठेव.

(तुझी मैत्रीण एअर रायफल घेणार आहे ना, तिला एवढं सांग. हवेच्या सिलिंडरवर तारीख असते, अनेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. २०० बार दाब म्हणजे खेळ नव्हे. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेली रायफल स्वस्त मिळाली, की त्या मुदतीतली किती वर्षं आधीच संपली आहेत ते तारखेवरून मोजून घ्यायला सांग.)

उत्पादकाचाही विचार कर, कारण विक्रेत्याच्या मागे तोच उभा असतो. मी विद्यार्थ्यांना नेहमी दोन उदाहरणं देतो. अमेरिकेतल्या रुगर कंपनीची १९७३ पूर्वीची सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं (दर गोळीआधी घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्याने मागे ओढावी लागणारी) जुन्या रचनेची होती. घोड्याखालच्या खणात काडतूस असताना रिव्हॉल्व्हर पडलं किंवा घोड्यावर आघात झाला, तर गोळी सुटण्याचा धोका होता. १९७३ मध्ये त्यांनी नवी, सुरक्षित रचना आणली. पण तेवढ्यावर न थांबता १९८२ पासून जुन्या रिव्हॉल्व्हरांत सुरक्षेचे नवे भाग मोफत बसवून द्यायला सुरुवात केली, मालक पहिला असो की पाचवा. काढलेले जुने भागही मालकाला परत मिळतात. आणि हीच कंपनी नव्या बंदुकीसोबत वॉरंटीचं कार्ड देत नाही! म्हणून म्हणतो, कागदावर किती वर्षं लिहिली आहेत यापेक्षा आजवर काय केलं ते विचार.

दुसरं उदाहरण रेमिंग्टनचं. त्यांची ७०० ही रायफल १९६२ पासूनची, अचूकतेसाठी नावाजलेली. चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०१७ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीत लाखो रायफलींचे ट्रिगर मोफत बदलून द्यायचं ठरलं. पुढे २०२० मध्ये कंपनी दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि तिचे विभाग वेगवेगळ्या खरेदीदारांनी घेतले. दोनशे वर्षांचं नावसुद्धा असं विखुरतं. अशा वेळी ग्राहकाला ‘तुमच्या क्रमांकाची रायफल या यादीत आहे, घेऊन या’ असा फोन कोण करतं? ज्याने विकताना तुझं नाव आणि क्रमांक वहीत नीट लिहून ठेवला, तो. महागड्या विक्रेत्याला विचार, अशी सूचना आली तर तुम्ही कळवता का? स्वस्तवाल्यालाही विचार. उत्तर देताना कोण अडखळतो ते बघ.

हे वाचून तुला वाटेल, सर म्हणतात महागच घे. तसं नाही. नुसत्या महाग भावाने काही सिद्ध होत नाही, आणि सेवेच्या नावाखाली नुसताच भाव चढवणारेही आहेत. म्हणून जादा पैशांचा हिशेब तोंडावर माग. पहिली तपासणी किती दिवसांनी, त्यात काय काय बघणार, दुरुस्तीला रायफल राहिली तर सरावाला दुसरी मिळणार का, साइट (नेम धरायचं साधन) बसवून आणि शून्य करून, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवून, देणार का? कागदावर लिहून घे. लिहून द्यायला तयार नसेल, तर त्याचा भाव आणि स्वस्तवाल्याचा भाव यांत सेवेचा काही फरक नाही, मग खुशाल स्वस्तात घे. पण आधी स्वतंत्र कारागीर शोधून ठेव आणि तो त्या मॉडेलला हात लावतो का ते पक्कं कर.

काही वस्तू तर डोळे झाकून स्वस्तात घ्याव्यात. सफाईचे दांडे, कापड, पेटी, चटई, कानाचे मफ हे प्रमाणित असले की पुरे. काडतुसांच्या बाबतीत मात्र थोडं थांब. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट (एका वेळी बनवलेल्या काडतुसांचा एक लॉट) तुझ्या नळीत वेगवेगळे वागतील. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे हा फरक निशाणावर दिसतो. जो विक्रेता तीन-चार लॉटची एकेक डबी देऊन ‘झाडून बघ, जुळेल तो लॉट बाजूला काढून ठेवतो’ म्हणतो, त्याला चार पैसे जास्त दे. लॉट एकदा ठरला की पुढची खरेदी जिथे तोच लॉट स्वस्त मिळेल तिथून कर.

वापरलेली रायफल स्वस्त मिळते आहे असंही तू शेवटी ओझरतं लिहिलंस. वाईट कल्पना नाही. .२२ ची नळी नीट राखली तर हजारो गोळ्या झाडूनही तिचं फारसं बिघडत नाही. पण तिथे तर विक्रेत्याची नजर आणखीनच लागते. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नाही ना, चाप कुणी घरी घासलेला नाही ना, प्रूफचे शिक्के जागेवर आहेत का, हे तुला एकटीला ओळखता येणार नाही. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून नळीची घेतलेली परीक्षा. युरोपात ही पद्धत शतकांपासून आहे. नंतर नळीवर किंवा चेंबरवर मोठं काम झालं असेल तर ती परीक्षा पुन्हा व्हावी लागते.

तेव्हा या आठवड्यात दोघांकडेही परत जा. स्वस्तवाल्याला दुरुस्तीची खोली दाखवायला सांग, महागवाल्याकडून जादा पैशांचा हिशेब लिहून घे. दोन्ही कागद घेऊन रविवारी सकाळी रेंजवर ये. चापाचं वजन आणि माझा जुना गेज मी बरोबर आणतो. आणि येताना तुझ्या बटप्लेटची लांबी त्या माणसाने किती सांगितली होती तेवढं लिहून आण. मला ती तुझ्या उभ्या स्थितीत बघायची आहे.

तुझे,
सर