सर काय म्हणाले होते, ते पूर्ण लिहून काढा

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक बाईंचं आलेलं पत्र चांगलं मोठं आहे. त्यात व्हिसा आहे, इन्शुरन्स आहे, पुण्यातली आई आहे, मुलाची मराठी शाळा आहे. आणि मधेच या ओळी आहेत:

‘आमचे वर्कशॉपचे सर गेले तेव्हा मला पुण्याला जाता आलं नाही. काकूंना फोनसुद्धा केला नाही. आता नोकरी गेल्यापासून सरांचं बोलणं सारखं डोक्यात येतं. फिटिंगचा जॉब तपासताना ते म्हणाले होते, तुला मोजायचा कंटाळा येत नाही, तू कुठेही टिकशील. इतक्या वर्षांनी एका ईमेलवर मला काढून टाकलं. टिकले कुठे? सर असते तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं?’

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देते, पण थोडक्यात. माझा जीव या ओळींत अडकला आहे.

सर दोन गोष्टी बोलले होते. पहिली त्यांनी स्वतः पाहिलेल्या कामाबद्दल, दुसरी आशीर्वाद. तुम्ही रोज दुसरी उगाळता आणि पहिली सोडून देता. कंपनीने एक अख्खा विभाग बंद केला म्हणून सरांचा आशीर्वाद खोटा ठरला असा हिशेब मांडलात, तर रडूच येणार. पहिल्या गोष्टीला मात्र त्या ईमेलने ओरखडासुद्धा आलेला नाही.

सरांनी काय पाहिलं असेल ते जरा आठवा. फिटिंग, म्हणजे धातूचे तुकडे घासून एकमेकांत बसवायचं काम, शिकवताना पहिल्या वर्षाला सहा मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी हातात देतात. ती वाइसमध्ये धरायची, आधी खरखरीत कानस, मग बारीक कानस, आणि प्रत्येक कड काटकोन तपासायच्या गुण्याला लावून उजेडासमोर धरायची. कानस पुढे नेताना हात डुलला की कड मधे फुगते आणि दोन्ही टोकांना उजेडाची फट दिसते. कडेची बर, म्हणजे घासताना कडेला उरलेली धातूची बारीक धार, न काढता माप घ्यायचा व्हर्निअर लावला तर माप जास्त येतं, आणि माल शिल्लक आहे समजून माणूस आणखी घासत जातो. मेलेलं माप परत आणता येत नाही. सबमिशन तोंडावर असताना बहुतेक जण नजरेनेच घासतात आणि व्हर्निअर अगदी शेवटी हातात घेतात. चार हात मारून थांबणारी, बर काढून मापणारी, मग पुढचे चार हात मारणारी मुलगी शॉपमध्ये मागे पडल्यासारखी दिसते, पण तिचा जॉब एकमेकांत बसतो. शिकवून मुरलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटत नाही. ते वाक्य धीर द्यायला सुचलेलं नव्हतं. कामाची पाहणी करून दिलेला तो निर्णय होता. आणि आज तुम्ही कशात आहात? मेडिकल उपकरणांच्या व्हॅलिडेशनमध्ये, उपकरण ठरल्याप्रमाणे चालतं का ते तपासण्यात! म्हणजे मोजण्यातच.

म्हणून माझं नेहमीचं सांगणं, या सदराचे जुने वाचक ओळखतीलच: वही घ्या. दोनशे पानी, रेघांची. फोनमधल्या नोट्स नकोत, कारण फोन हातात घेतला की आधी लिंक्डइन उघडतं आणि दुसऱ्यांच्या नव्या नोकऱ्या दिसतात.

एका आठवणीला समोरासमोरची दोन पानं द्या. डाव्या पानावर जागा, वर्ष किंवा सेमिस्टर, हातात कोणतं काम होतं, सर काय म्हणाले आणि तिथे आणखी कोण होतं ते लिहा. सरांचे शब्द जसेच्या तसे लिहा. जिथे शब्दांची खात्री नाही तिथे खाली नागमोडी रेघ मारा, पण वाक्य गुळगुळीत करू नका. ते रागावले असतील तर तेही लिहा. एकदा जर्नल परत फेकलं आणि दुसऱ्यांदा सही केली, तर दोन्ही लिहा. नुसतं कौतुक लिहिलं की सरांची तसबीर होते, आणि तसबिरीकडून काही शिकता येत नाही.

उजव्या पानावर त्याच सवयीने नंतर काय काम झालं ते लिहा. शक्य तिथे आकडा टाका: किती चाचण्या, किती दिवस वाचले, रिलीजच्या आधी कोणता दोष सापडला, तपासणीच्या यादीत नसलेली कोणती चाचणी तुम्ही स्वतःहून घातली. हे आठवणीतूनच लिहा. कंपनीचे कागद, फायली, स्क्रीनशॉट घरी ठेवू नका. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढून टाकताना कंपनी देते त्या पैशांच्या, करारातल्या गोपनीयतेच्या कलमाने उद्या अडचण येईल.

एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे, आणि दोनपेक्षा जास्त आठवणी नकोत. रात्री तर लिहूच नका. रात्रीचं लिखाण ‘सर, मला माफ करा’वर जातं आणि उजवं पान कोरं राहतं. सकाळी मुलगा शाळेत गेल्यावर बसा. डावी पानं भराभर भरली आणि उजवी रिकामीच राहिली, तर एवढाच अर्थ घ्या की तुम्ही अजून शोकात आहात. दोन दिवस थांबा आणि मग फक्त उजवी पानं घेऊन बसा.

सात-आठ पानं झाली की बरोबर शिकलेल्या दोघींना फोन करा. ‘सर माझ्याबद्दल काय म्हणायचे गं?’ असं विचारू नका. नोकरी गेल्याचं कळलेलं असतं, त्या गोडच बोलतील. ‘फिटिंग शॉपमधलं तुला काय आठवतं?’ एवढंच विचारा आणि ऐका. तुमच्या वहीतली गोष्ट त्यांच्या तोंडून आपणहून आली, तर त्या नागमोडी रेघेवर सरळ रेघ मारायला हरकत नाही.

आमच्या घरात माझ्या दिराची नोकरी गेली तेव्हा त्याचा रेझ्युमे उजव्या पानांवरूनच उभा राहिला, म्हणून मी हे इतक्या खात्रीने सांगते. उजव्या पानावरची एकेक नोंद म्हणजे रेझ्युमेची एक ओळ: काय केलं, किती मोठ्या कामावर केलं, त्यातून काय झालं. त्याच नोंदी मुलाखतीत दोन-दोन मिनिटांची उत्तरं होतात. सरांची गोष्ट मात्र मुलाखतीत रंगवून सांगत बसू नका. ‘प्रत्येक टप्प्यावर मोजण्याची सवय मला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लागली’ एवढं एक वाक्य पुरे. त्यापुढे गेलात तर गळा भरून येईल, आणि समोरच्याला त्याचं काय करावं ते कळणार नाही.

पुण्यातलंच एक उदाहरण देते. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल तिथे ते बोलले, पुरावा मिळेना, आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गावात तोंड दाखवणं कठीण झालं. त्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पण १९०१ च्या जानेवारीत रानडेही गेले. पुढच्याच वर्षी, १९०२ साली, गोखल्यांनी कलकत्त्याला कायदेमंडळात बजेटवर जे भाषण केलं, ते आजही अभ्यासलं जातं. सरकार शिलकीच्या बढाया मारत होतं, आणि ती शिल्लक रयतेच्या अंगावर जास्तीचा कर टाकून आली आहे हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. आकडे तपासून, मसुदा पुन्हा पुन्हा घासून लिहायची ही शिस्त रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या कामात लागलेली होती. गुरू गेल्यावर गोखल्यांनी नुसती त्यांची शाबासकी आठवली नाही, त्यांची पद्धत चालवली. तुम्हाला मी हेच करायला सांगते आहे.

आणखी एक. ‘सर आज काय म्हणाले असते?’ हा प्रश्न वहीत येऊ देऊ नका. त्याचं उत्तर दर वेळी आपणच बनवतो, आणि नोकरी गेलेला माणूस ते कडू बनवतो.

आता काकू. फोन केला नाही याची खंत आहे ना? मग पत्र लिहा, कागदावर, हाताने. सांत्वनाला उशीर झाला म्हणून ते नको होतं असं कधी होत नाही. माझ्या सासूबाईंकडे सासऱ्यांच्या विद्यार्थ्यांची पत्रं एका पिशवीत आहेत. ‘ते महान होते’ अशी पत्रं त्या एकदा वाचतात. एखादा बारीक प्रसंग लिहिलेलं पत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात. सुरुवातीलाच माहेरचं नाव, शाखा आणि बॅच लिहा, कारण सासरच्या आडनावावरून काकूंना तुम्ही कळणार नाही. मग एकच प्रसंग, गुण्या आणि उजेडाच्या फटीसकट. मग ती सवय आज कुठे उपयोगी पडते ते. नोकरी गेल्याचं लिहायचं नाही. नाहीतर आपल्याच दुःखात त्यांनी तुम्हाला धीर द्यायचा अशी पाळी येईल. पत्र एका पानाचं असावं. अमेरिकेतून एक ग्लोबल फॉरेव्हर तिकीट एक औंसापर्यंतच्या पत्राला पुरतं. पत्त्यात पिनकोड आणि ओळखीची खूण घाला, शेवटच्या ओळीत देशाचं नाव ठळक लिहा. पत्र पोचलं असेल असं वाटलं की फोन करा. तुमच्याकडे सकाळचे आठ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. ही वेळ बरी. काकूंची तब्येत आणि ऐकू कसं येतं ते आधी एखाद्या मैत्रिणीकडून विचारून घ्या.

सरांच्या नावाने कॉलेजात बक्षीस ठेवायचा तुमचा विचार चांगला आहे, पण आत्ता नको. आधी घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढा. भारताचं नागरिकत्व असेपर्यंत स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर मात्र संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोकरी लागल्यावर सावकाश ठरवा.

बाकीचं आता पटापट.

व्हिसा: नोकरीच्या एच-१बी व्हिसावर नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त सलग ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची, म्हणजे देशात राहण्याच्या नोंदीची, मुदत आधी संपत असेल तर तेवढेच. सेव्हरन्सच्या पैशाने ही मुदत वाढत नाही, म्हणून नोकरीचा शेवटचा दिवस कोणता धरला आहे ते एचआरकडून लेखी घ्या. त्या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा किंवा स्टेटस बदलण्याचा तुमचा स्वतःचा. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला असेल तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, सहसा राहते. वकील याच आठवड्यात गाठा, आणि तो तुमचा असू दे. कंपनीचा वकील कंपनीचं बघतो.

इन्शुरन्स: कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय, निवडायला ६० दिवस असतात आणि संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं. हप्ता मात्र पूर्ण रकमेच्या १०२ टक्क्यांपर्यंत येतो, तेव्हा इन्शुरन्सच्या सरकारी मार्केटप्लेसचे भाव बघूनच ठरवा.

शिफारस: सर आता शिफारस करू शकत नाहीत, तेव्हा दोन जुने मॅनेजर आणि एक सहकारी आजच गाठा आणि त्यांचे घरचे ईमेल घ्या. पुढच्या कपातीत त्यांचेही ऑफिसचे ईमेल बंद होतील.

मुलाची मराठी शाळा सोडू नका. फी जड वाटत असेल तर शाळेच्या मंडळाशी उघड बोला. ती चालवणारे बहुतेक आपल्यासारखेच व्हिसावर आलेले आहेत.

आणि आई. ‘तिला बीपी आहे, सांगवत नाही,’ असं तुम्ही लिहिता. अहो, रोजच्या व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा ती बघतेच आहे. तिला काहीतरी लपवल्याचं कळलेलं असणार, आणि त्यानेच बीपी जास्त चढतं. पुढच्या रविवारी, नवरा शेजारी बसलेला असताना, नोकरी गेली आहे, एवढे महिने पुरतील एवढे पैसे आहेत आणि वकिलाशी बोलणं झालं आहे, हे याच क्रमाने सांगा. मैत्रिणींना फोन करायच्या आधी सांगा. त्या पुण्यातल्याच आहेत, आणि आईला ही बातमी मंडईत कोणाकडून तरी कळलेली चालणार नाही.