गाडी कंपनीच्या नावावर की आपल्या? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची छोटी डाळ मिल आहे, प्रायव्हेट लिमिटेड करून घेतली, मी आन लहाना भाऊ दोघंच डायरेक्टर. आता 9 लाखाची पेट्रोल गाडी घ्याची आहे. अकोला, कारंजा, यवतमाळ सारखं जावं लागते, घरच्याही कामाले लागनच. शोरूमवाला म्हणते कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी वापस भेटते आन टॅक्सही वाचते. मामा म्हणते कायले भानगडीत पडता. काय करावं जी?

उत्तर : भाऊ, आधी शोरूमवाल्याचं निकालात काढू. ड्रायव्हर धरून 13 सीटपर्यंतच्या, माणसं नेणाऱ्या गाडीवरचा जीएसटी डाळ मिलला वापस मिळत नाही, बिलावर कंपनीचा नंबर टाका नाहीतर फ्रेम करून भिंतीवर लावा. तिच्या सर्व्हिसिंगचा आणि इन्शुरन्सचाही नाही मिळत. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, तो फायदा सगळ्यांनाच आहे, आरसीवर नाव कोणाचंही असो.

आता इन्कम टॅक्स. कंपनीच्या गाडीवर घसारा मिळतो हे खरं, म्हणजे गाडी जुनी होते तशी तिच्या किमतीतली घट खर्चात धरता येते, वर्षाला 15 टक्के, पण राहिलेल्या किमतीवर. आणि इथे आरटीओचं गणित कोणी सांगतच नाही. आपल्या महाराष्ट्रात 10 लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला माणसाच्या नावावर 11 टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर सरळ 20 टक्के. म्हणजे तुमच्या 9 लाखाच्या गाडीला एकीकडे 99 हजार आणि दुसरीकडे 1 लाख 80 हजार, 81 हजाराचा फरक, तोही पहिल्याच दिवशी रोख. कंपनीत गाडी पडली 10 लाख 80 हजाराला, पहिल्या वर्षीचा घसारा 1 लाख 62 हजार, कंपनीचा टॅक्स साधारण 25 टक्के धरला तर वाचले 41 हजाराच्या आसपास, दुसऱ्या वर्षी 35 हजाराच्या आत. दोन वर्षं झाली तरी आरटीओला दिलेले जास्तीचे पैसे निघाले नाहीत, आणि हे कंपनीला नफा असेल तर, तुरीचा भाव पडला आणि वर्ष तोट्यात गेलं तर त्या वर्षी काहीच वाचत नाही. शिवाय गाडी लोक घेतात दसऱ्याला नाहीतर धनत्रयोदशीला, आणि वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा अर्धाच, म्हणजे ऑक्टोबरचे पहिले तीन-चार दिवस उलटले की पहिल्या वर्षीचं गणित आणखी लहान होते.

घरच्या वापराचंही आहेच. कंपनीची गाडी घेऊन शेगावला दर्शनाला गेलात, पोरीला कॉलेजात सोडलं, तर तो कंपनीने तुम्हाला दिलेला फायदा समजतात आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम तुमच्या पगारात धरली जाते, इंजिन 1600 सीसीच्या वर असेल तर जास्त. गाडी निव्वळ घरीच फिरत असेल तर पेट्रोल, मेंटेनन्स आणि किमतीच्या 10 टक्के असं सगळंच तुमच्या अंगावर.

म्हणून माझं स्पष्ट मत, कार तुमच्या नावावर घ्या आणि कंपनीच्या कामाचे पैसे किलोमीटरप्रमाणे कंपनीकडून घ्या. बोर्डाचा ठराव करून दर ठरवा, दर खर्चाला धरूनच असावा, भाच्याच्या लग्नाचा खर्च त्यात बसवू नका. गाडीत एक वही ठेवा : तारीख, दारव्हा ते अकोला मार्केट यार्ड, तूर पाहायला, निघताना मीटर किती, आल्यावर किती, खाली सही. पेट्रोल यूपीआयने भरा. ही वही मार्चमध्ये एका रात्री बसून एकाच पेनाने लिहायची नसते, साहेब लोकांना ते लगेच समजते.

एक धंदा मात्र करू नका, आरसी तुमच्या नावाची आणि हप्ता कंपनीच्या खात्यातून. आपल्याकडे अर्ध्या मिल आणि जिनिंगवाले असंच करून राहिले. ते डायरेक्टरला दिलेलं कर्ज धरलं जाऊ शकतं, त्याच्यावर कंपनी कायद्याची बंधनं आहेत, आणि तुमचे शेअर 10 टक्क्यांच्या वर असणार तर इन्कम टॅक्सवाले त्याला डिव्हिडंड म्हणून तुमच्या उत्पन्नात टाकू शकतात. पैसा कंपनीचा, वापर कंपनीचा, गाडी बॅलन्सशीटमध्ये दाखवलेली आणि नाव डायरेक्टरचं, अशा गाडीला घसारा मान्य झाल्याचे कोर्टाचे निकाल आहेत, पण ते भांडून मिळवलेले आहेत, आपल्याला डाळ विकायची आहे की वकिलाकडे खेटे घालायचे?

इन्शुरन्समधल्या दोन गोष्टी. मालकाच्या अपघाताचं 15 लाखाचं कव्हर गाडी माणसाच्या नावावर असली तरच मिळते, कंपनीच्या गाडीत ते नसते, वेगळं काढावं लागते. आणि गाडी कोणाचीही असो, प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत मालवाहतूक चालत नाही, सॅम्पलची पिशवी चालते. मागची सीट पाडून चुरीची पोती टाकली आणि कारंजा रोडवर ठोकली तर क्लेमच्या वेळी तीच पोती आडवी येतात. माल न्यायला पिकअप घ्या, तो कंपनीच्याच नावावर, तुमच्या विक्रीवर जीएसटी लागत असेल तर मालगाडीवरचा जीएसटी कंपनीला मिळतो.

आणि तुम्ही दोघं भाऊ आहात म्हणून सांगतो. कंपनीची गाडी दोघांचीही असते आणि एकाचीही नसते, ती आज कोणाच्या अंगणात उभी राहणार यावरून भावाभावात अबोला धरलेली घरं तुमच्याही ओळखीत असतील. एकाच्या नावावर घेतली तर दुसऱ्याच्या मोटरसायकलचे किलोमीटरही त्याच ठरावात लिहून घ्या.

कंपनीचं नाव कधी बरं? गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे, दिवसभर कामावरच फिरते, नफा दरवर्षी पक्का आहे, तेव्हा विचार करा. इलेक्ट्रिक घेत असाल तर पुन्हा हिशोब मांडा, तिला घसारा 40 टक्के आहे.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी वरुड भागात संत्र्याचं काम करते. रोड टॅक्स वाचतो म्हणून कंपनीच्या पैशाने गाडी अध्यक्षांच्या नावावर घ्यायचं चाललं आहे. मी संचालक आहे, मला हे पटत नाही. मी चूक आहे का?

उत्तर : ताई, तुमचंच बरोबर आहे. पैसा सभासदांचा आहे, अध्यक्षांचा नाही. उत्पादक कंपनीत संचालकाला कर्ज किंवा उचल द्यायची तर आमसभेत सभासदांची मंजुरी लागते, आणि तुमच्याकडचा प्रकार ऑडिटर तसाच वाचणार. तुमचा विरोध मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही. तसं पाहिलं तर आंबिया आणि मृगाचा हंगाम सोडला की गाडी उभीच राहणार, गरजेच्या दिवशी भाड्याने करा, पिवळ्या प्लेटची, पक्क्या बिलावर.

प्रश्न : वणीले कृषी केंद्र आहे, प्रोप्रायटरशिप. दुकानाच्या नावावर गाडी घेतली तर फायदा हाय का?

उत्तर : काका, प्रोप्रायटरशिपमध्ये दुकान आणि तुम्ही एकच. गाडी आपल्या नावावर घ्या, दुकानाच्या हिशोबात दाखवा आणि धंद्यात जेवढी वापरता तेवढाच घसारा धरा. पण रिटर्न विक्रीच्या 6 किंवा 8 टक्के अंदाजे नफा धरायच्या स्कीममध्ये भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही, तो त्यातच आला असं धरतात.