भूक नाही म्हणणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी एका घरगुती समारंभात दोन-तीन नातेवाइकांनी तिच्या अंगकाठीवरून शेरे मारले आणि तेव्हापासून तिचे जेवण निम्म्यावर आले. ‘मला भूकच नाही’ असे ती म्हणते. मात्र रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ पाहत बसते, हौसेने पदार्थ करून आम्हाला आग्रहाने वाढते आणि स्वतः घासही घेत नाही. चिडचिड वाढली आहे, मैत्रिणींकडे जाणे थांबले आहे आणि तीन महिने पाळीही आलेली नाही. घरातले म्हणतात, हे वयाचे नखरे आहेत, मोबाइल काढून घ्या म्हणजे ताळ्यावर येईल. काढून घ्यावा का?

उत्तर : मोबाइलकडे थोड्या वेळाने येऊ. आधी तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. पाळी थांबण्याची इतरही कारणे असू शकतात आणि ती तपासावी लागतील; परंतु जेवण तुटल्यानंतर पाळी थांबली असेल, तर शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असण्याची शक्यता मोठी आहे. मुलगी दिसायला फारशी बारीक झालेली नसली, तरी हे घडू शकते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास आठवडाभरही थांबू नका.

तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीला घरातले नखरे समजतात, तिच्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. जी मुलगी खात नाही, ती खाद्यपदार्थ तासन्‌तास का पाहते? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. या स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अपुरा आहार देण्यात आला. त्यांच्यापैकी कोणी बारीक होण्यासाठी तेथे आले नव्हते. तरीही हळूहळू त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास लांबवून खाऊ लागले, चिडचिडे आणि उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले. तुमच्या मुलीचे वर्णन याच्याशी किती जुळते ते पाहा. तिची चिडचिड आणि तिचे व्हिडिओ यांत स्वभावापेक्षा उपासमारीचा वाटा अधिक असावा, असे मला वाटते, आणि म्हणूनच तिला रागावून काही साधणार नाही.

आता मोबाइल. पडद्यावरच्या प्रतिमांचा परिणाम होतो, यात शंका नाही. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात, जेथे भरलेले अंग आणि चांगली भूक यांना मान होता, 1995 मध्ये दूरचित्रवाणी आली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक उत्तरे देणाऱ्या किशोरवयीन मुलींचे प्रमाण तेव्हा 12.7 टक्के होते, ते 1998 मध्ये 29.2 टक्क्यांवर गेले. सगळा दोष दूरचित्रवाणीला देता येणार नाही. तरीही हा बदल दुर्लक्षिण्यासारखा नाही. शिवाय त्या मुलींना सर्वांसाठीचा एकच कार्यक्रम दिसत होता. तुमच्या मुलीच्या मोबाइलवर मात्र ती ज्या चित्रावर क्षणभर अधिक रेंगाळते, तशीच चित्रे पुढे येत राहतात, आणि त्यांत वर्गातल्या मुलींची फिल्टर लावलेली छायाचित्रेही असतात, ज्यांच्याशी तुलना करणे अधिक सोपे आणि अधिक बोचणारे असते.

तरीही मोबाइल हिसकावून घेऊ नका. मैत्रिणींशी उरलेला धागाही त्याने तुटेल आणि तिला ती शिक्षा वाटेल. वापर कमी करण्याला मात्र आधार आहे : कॅनडातील एका प्रयोगात मानसिक त्रास जाणवणाऱ्या 17 ते 25 वर्षांच्या तरुणांनी तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला साधारण एका तासावर आणला, तेव्हा स्वतःच्या रूपाविषयीचे त्यांचे मत सुधारले. तिच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने, त्रास देणारी खाती बंद करा आणि रात्री सर्वांचेच मोबाइल, तुमचाही, एका जागी ठेवा.

घरातल्या बोलण्याकडेही तितकेच लक्ष द्या. कारण या प्रकरणाची सुरुवात तुमच्याच घरच्या समारंभात झाली आहे. नातेवाइकांना पुढच्या भेटीआधीच स्पष्ट सांगा की मुलीच्या अंगावरून कोणी बोलायचे नाही. ‘किती छान बारीक झालीस’ हे कौतुकही नको, कारण उपाशी राहिल्याची ती शाबासकी ठरते. तुम्ही स्वतः तिच्यासमोर आपल्या वजनाला नावे ठेवत असाल, तर तेही थांबवा.

किशोरवयीन मुलांच्या खाण्याशी संबंधित अशा आजारात आईवडिलांनी काही काळ जेवणाची सूत्रे आपल्या हाती घ्यायची आणि सुधारणा होईल तशी ती मुलांकडे परत द्यायची, ही उपचारपद्धती चांगली उपयोगी पडते. या पद्धतीविषयी डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. तोवर जेवायला तिच्यासोबत बसा आणि पानावर वाद घालू नका. तपासणीच्या वेळी वजनाचा आकडा तिला भीतीदायक वाटत असेल, तर काट्याकडे पाठ करून उभे राहू द्यावे, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करून ठेवा.