वाचकांचे प्रश्न : मेंढपाळाचे मिटलेले डोळे

प्रश्न : गोव्यात हस्तिदंतात कोरलेला बाल येशू पाहिला. गालाला हात लावून, डोळे मिटून तो डोंगरावर बसला आहे. ही ध्यानस्थ बुद्धाचीच नक्कल समजायची का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : या मूर्तीला पोर्तुगीजमध्ये ‘बोम पास्तोर’, म्हणजे ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणतात. सतराव्या शतकात गोव्यात अशा अनेक मूर्ती घडल्या. बुद्धाची आठवण अनेक अभ्यासकांनाही झाली आहे. तरीही ‘नक्कल’ हा शब्द मला पटत नाही. मूर्ती पुन्हा जवळून पाहावी. बालकाच्या खांद्यावर एक कोकरू, मांडीवर दुसरे, कमरेला शिदोरीची पिशवी. खाली कारंजे आणि त्याचे पाणी पिणारे पक्षी. अगदी तळाशी गुहेत पहुडून ग्रंथ वाचणारी, येशूची शिष्या मग्दालीया मरीया. ही मरीया सरळ युरोपीय चित्रांतून आलेली आहे. मिटलेल्या डोळ्यांचा संबंधही बायबलमधील ‘गीतरत्ना’तल्या, देह निजला तरी मन जागे असल्याच्या वचनाशी लावला जातो.

आजच्या बेल्जियममधील अँटवर्प शहरात तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापलेली धार्मिक चित्रे, विशेषतः विरिक्स या कोरीवकाम करणाऱ्या बंधूंची, मिशनऱ्यांच्या सामानातून आशियाभर पोहोचली. कागद हलका, त्यामुळे एकच चित्र गोव्यातही जाई आणि फिलिपीन्समधल्या मनिलातही. श्रीलंकेतल्या एका हस्तिदंती पेटीवर तर जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४ सालच्या चित्रातला मशकवादक (कातडी पिशवीचे वाद्य फुंकणारा) कोरलेला आहे. म्हणून मनिलात चिनी कारागिरांनी घडवलेली येशूची आई मरीया आणि गोव्यात घडलेली तीच मरीया सख्ख्या बहिणी वाटल्या, तरी एकीवरून दुसरी बेतली असे ठरत नाही. दोघींचे माहेर एक असू शकते. शिवाय दोन्हीकडे माल तोच: हत्तीच्या सुळ्याचा बाक जसा असेल तशी उभी मूर्ती कलते. गोव्यात हा हस्तिदंत मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून जहाजांनी येई.

मग इथल्या कारागिराचे काय? १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. ज्या अर्थी मनाई करावी लागली, त्या अर्थी हिंदू कारागीर हे काम करत होते. समोर ठेवलेले चित्र परक्या मुलखातले असले, तरी मिटल्या डोळ्यांची ती शांती कोरणाऱ्या हातांना ती आधीपासून ठाऊक असावी, असे मूर्ती पाहताना मलाही वाटते.