आई जांबोटीकडं, मी पुण्यात

प्रश्न : ताई, आमचं गाव कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. आई ७४ वर्षांची, बाबा गेल्यापासून एकटीच राहते, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी पुण्यात नोकरीला, दोनेक महिन्यांनी गावी जाणं होतं. इकडं ये म्हटलं की "म्हशीचं कोण बघणार" म्हणते. आषाढी एकादशीला उपवासात चक्कर येऊन परसात पडली, मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या काकूंकडनं. रोज फोन करतो आणि रोज एकच उत्तर, "बरं हाय मला". काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, तिसऱ्या दिवशी कळलं हे वाचून पोटात गलबललं. माझ्या सासूबाई निपाणीत एकट्या असायच्या, त्याही फोनवर "बरं आहे"च म्हणायच्या, आणि एकदा जाऊन बघते तर पंधरा दिवसांत शुगरच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या संपलेल्या. तेव्हापासून मी "कशा आहात" विचारणंच सोडलं. सकाळी काय खाल्लं, भाकरी किती खाल्ली, गोळी जेवणाआधी घेतली का नंतर, आणि जरा ती स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरा बघू, असं विचारायला लागले. तुम्हीपण रोज नाही तरी दोन दिवसाआड व्हिडिओ कॉलवर गोळ्या मोजा.

उपवासाचं मात्र पुढच्या एकादशीच्या आत बघा. शुगरच्या काही गोळ्या घेऊन पोट रिकामं राहिलं की शुगर झपकन खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते. मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, सरळ अॅम्ब्युलन्स. उपवास सोड म्हणालात तर आई ऐकणार नाही, आणि तिच्या वयात तिनं का ऐकावं? त्यापेक्षा एकादशीला कुठली गोळी कमी करायची की बंद ठेवायची ते डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या. बीपीच्या गोळीनंही झटकन उठलं की चक्कर येते, म्हणून रात्री उठताना मिनिटभर खाटेवर बसून मग पाय टाकायला सांगा.

आता सीमेवरच्या माणसांचं एक वेगळंच दुखणं. तुम्ही घाबरून पुण्यातनं १०८ लावलात तर फोन महाराष्ट्रातल्या सेवेला लागणार, गाडी तर कर्नाटकातली यायला हवी. म्हणजे १०८ लावायचा तो गावातल्याच कुणीतरी, आणि ते कुणी हे आजच ठरलेलं पाहिजे. माझ्या मते तुमच्या त्या काकूच. त्यांच्याकडं आईची फाईल, डॉक्टरांचा नंबर आणि वेळेला लागतील म्हणून थोडे पैसे ठेवा. पावसाळ्यात तुमच्याकडं लाईट जाते, रेंज जाते, तेव्हा संध्याकाळी आईचा फोन लागला नाही तर काकूंच्या घरातलं कुणीतरी दारात जाऊन बघून येईल एवढं बोलून ठेवा.

आणखी एक, बऱ्याच जणांकडनं ही चूक होते. सोयीचं पडेल म्हणून आईच्या आधारवर पुण्याचा पत्ता घालू नका. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसच्या तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण ओळखपत्र कर्नाटकातलं हवं. तपासणीला बेळगावला जायचं तर आई आणि काकू दोघी फुकट जाऊन येतील. दवाखान्यात कन्नड फॉर्म पुढं आला तर वाचायला काकूंचा मुलगा नाहीतर सून बरोबर असली की झालं.

काकूंना आज रात्रीच फोन करा दादा. आईचं लगेच काढू नका, आधी त्यांच्या घरचं काय चाललंय ते विचारा, त्या दिवशी आईला परसातनं उचलून घरात कुणी आणलं तेही विचारा, आणि गावी जाल तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या दारात जा.